खेळ हंगामाचा, मेहनत बाराही महिन्यांची

उन्हाळी शिबिरात रोज दोन-तीन तास टेनिस. जूनमध्ये पाऊस लागला की कोर्ट ओलं, खेळ बंद. शालेय स्पर्धेची तारीख कळली की पंधरा दिवस जीव तोडून सराव. दिवाळीनंतर थोडाफार खेळ आणि फेब्रुवारीपासून परीक्षा. भंडारा जिल्ह्यातल्या शाळकरी टेनिसपटूचं वर्ष साधारण असंच जातं. मोठ्यांचंही फारसं वेगळं नसतं. नोकरी, दुकान किंवा धानाचा हंगाम सांभाळून ते सवड मिळेल तेव्हा रॅकेट उचलतात आणि रविवारी सगळी हौस एकदम भागवतात.

टेनिसमधल्या अनेक दुखापतींचं मूळ या तुटकपणात आहे. स्नायू, कंडरा आणि हाडं सवयीने बळकट होतात, पण त्याला आठवडे आणि महिने लागतात. खेळ अचानक दुप्पट झाला की अंग मागे राहतं आणि खांदा, कोपर, कंबर किंवा पोटरी दुखू लागते. महागडं जिम आणि परदेशी प्रशिक्षक हा यावरचा उपाय नाही. उपाय आहे वर्षभर न चुकता केलेली थोडी मेहनत. ती साकोलीच्या अंगणात होते, तुमसरच्या गच्चीवर होते आणि पवनीच्या शाळेच्या मैदानावरही होते.

गाव लहान आहे म्हणून मन मारायचं कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली.

टेनिस अंगाकडून काय मागतं

एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद असतं. मध्यावर उभं राहिलं तर बाजूची रेघ जेमतेम चार मीटरवर येते. बहुतेक फटके खेळाडू दोन-तीन मीटरच्या आतच मारतो. बरेचसे गुण दहा सेकंदांच्या आत संपतात. त्यानंतर पुढच्या सर्व्हिसपर्यंत जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात आणि बाजू बदलताना ९० सेकंद. म्हणजे टेनिस हा छोट्या धावेचा, झटकन थांबण्याचा, दिशा बदलण्याचा आणि हेच तास-दोन तास करत राहण्याचा खेळ आहे. रोज पाच किलोमीटर संथ धावून दम वाढतो, पण थांबण्याची आणि वळण्याची ताकद त्यातून येत नाही. गुडघा आणि घोटा बहुतेक वेळा थांबताना आणि वळतानाच दुखावतात.

दुसरी गोष्ट सर्व्हिसची. सर्व्हिस हाताने मारतो असं वाटतं, पण तिची साधारण निम्मी ताकद पायांतून आणि धडातून येते. जमिनीवर दिलेला रेटा गुडघे, नितंब, कंबर आणि खांदा यांतून वर चढत रॅकेटपर्यंत पोहोचतो. ज्याचे पाय आणि पोट कमजोर, त्याचा खांदा ही उणीव भरून काढायला जातो आणि दुखावतो. म्हणून खांदा वाचवायचा असेल तर मेहनत पायांपासून सुरू करा.

तिसरी गोष्ट एकाच बाजूच्या वापराची. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा खांदा पुढच्या बाजूने बळकट होतो, मागच्या बाजूने कमजोर राहतो आणि आतल्या बाजूला वळायला हळूहळू आखडतो. हा असमतोल वेळीच सावरला नाही तर खांद्याच्या खोलवरच्या छोट्या स्नायूंना सूज येते.

कुठे दुखतं आणि का

टेनिस एल्बो हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचलं ते २००४ मध्ये, सचिन तेंडुलकरमुळे. या दुखण्याने त्याला अनेक सामने बाहेर बसवलं आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे मनगट वर उचलणारे स्नायू हाडाला चिकटतात, तिथली कंडरा झिजते. हौशी खेळाडूंमध्ये याचं ठरलेलं कारण म्हणजे उशिरा आणि नुसत्या मनगटाने मारलेला एकहाती बॅकहँड. फार घट्ट पकड, कडक तारा आणि पावसात भिजून जड झालेले चेंडू यांनी त्यात भर पडते.

वाढत्या वयातल्या मुलांच्या कंबरेकडे सगळ्यात बारीक लक्ष द्या. सर्व्हिस करताना पाठ मागे वाकते आणि त्याच वेळी पिळली जाते. हे शेकडो वेळा झालं तर कण्याच्या खालच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. मूल म्हणतं, ‘कंबर दुखते’, आणि घरचे म्हणतात, ‘खेळून दमलास, झोप.’ अठरा वर्षांखालच्या खेळाडूची कंबर मागे वाकताना दोन-तीन आठवडे दुखत राहिली, तर सर्व्हिस बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. वेळेत कळलं तर बहुतेक मुलं विश्रांती आणि व्यायामाने पूर्ण बरी होतात.

चाळिशीनंतरच्या खेळाडूंनी पोटरी सांभाळावी. जाळीकडे झेप घेताना पोटरीवर मागून कुणी चेंडू मारल्यासारखी कळ येते आणि पाऊल टेकवत नाही. हा स्नायू फाटल्याचा प्रकार टेनिसमध्ये इतका ठरलेला आहे की डॉक्टर त्याला टेनिस लेग म्हणतात. अंग न तापवता पहिला गेम जोरात खेळणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आठवड्यातून दोनदा, अर्धा तास

विदर्भाला व्यायामाची परंपरा नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. जोर, बैठका आणि मुद्गल ही आखाड्याची मेहनत टेनिससाठीही कामाची आहे, फक्त तिला खेळाच्या गरजेप्रमाणे वळण द्यायचं. साहित्य घरातलंच लागेल. सायकलची जुनी ट्यूब, दप्तरात भरलेले पाच किलो तांदूळ, एक लिटरची पाण्याची बाटली आणि दोन किलो रेती भरून घट्ट शिवलेली थैली.

पायांसाठी आधी साध्या बैठका घाला. टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात आणि गुडघा पावलाच्या रेषेत राहावा, आत कलू नये. त्या सहज जमल्या की एक पाय पुढे, एक मागे ठेवून एका पायावर भार घेत बैठक घाला. प्रत्येक पायाच्या आठ ते दहा, अशा तीन फेऱ्या. मग एका बाजूला मोठं पाऊल टाकून त्या पायावर बसा आणि रेटा देऊन परत या. कोर्टवर आडवं जाऊन परतताना अंग नेमकं हेच करतं.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी दप्तर छातीशी धरा, पाठ सरळ ठेवा, नितंब मागे ढकलत पुढे झुका आणि वर या. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहा, टाच वर उचला आणि तीन सेकंद मोजत खाली आणा. प्रत्येक पायाने बारा ते पंधरा वेळा. चाळिशीपुढच्यांनी हा व्यायाम अजिबात सोडू नये.

वरच्या अंगासाठी जोर काढाच, पण जितके जोर काढाल त्याच्या दुप्पट वेळा ट्यूब ओढा. ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा, दोन्ही टोकं हातात घ्या आणि कोपरं मागे नेत खांद्याची पाती एकमेकांजवळ आणा. यानंतर खांद्याचा मुख्य व्यायाम. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला लावा, मध्ये दुमडलेला टॉवेल धरा आणि ट्यूब ओढत हात बाहेरच्या बाजूला फिरवा. पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या, दोन्ही हातांनी. इथे जोर लावायचा नसतो. हालचाल सावकाश आणि ताब्यात हवी. हलके मुद्गल फिरवता येत असतील तर खांदा मोकळा ठेवायला तेही चांगले, पण आधी जाणकाराकडून पद्धत शिकून घ्या.

धडासाठी कुशीवर प्लँक, प्रत्येक बाजूला वीस ते तीस सेकंद. मग पाठीवर झोपा आणि कंबर जमिनीला चिकटवून ठेवत उजवा हात आणि डावा पाय सावकाश लांब करा, नंतर दुसरी बाजू. शेवटी रेतीची थैली दोन्ही हातांनी धरून फोरहँडसारखं वळा आणि ती नितंबांच्या जोरावर भिंतीकडे फेका. दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा.

मनगट आणि कोपरासाठी हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, बाटली हातात. दुसऱ्या हाताची मदत घेऊन मनगट वर न्या आणि मदतीशिवाय तीन सेकंदांत खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. टेनिस एल्बो टाळायला आणि दुखणं ओसरल्यावर पुन्हा उभं राहायला हा व्यायाम उपयोगी पडतो.

भार कधी वाढवायचा? शेवटच्या दोन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये. सगळी आवर्तनं सोपी वाटली की थोडं वजन वाढवा. व्यायामाने मुलांची उंची खुंटते असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम दहा-बारा वर्षांच्या मुलालाही सुरक्षित आहे.

दम आणि पायांची चपळाई

पाच चेंडूंचा सराव कोर्टवर किंवा चुन्याने आखलेल्या अंगणातही होतो. बेसलाइनच्या मध्यावर रॅकेट ठेवा आणि समोर व बाजूला अर्धवर्तुळात पाच चेंडू मांडा. एकेक चेंडू धावत जाऊन आणा आणि रॅकेटवर ठेवा. एका फेरीला वीसेक सेकंद लागतील. मग चाळीस ते साठ सेकंद थांबा. अशा सहा ते आठ फेऱ्या आठवड्यातून दोनदा करा. पावसाळ्यात ओसरीवर दोरीच्या उड्या मारा, वीस सेकंद जोरात आणि वीस सेकंद विश्रांती.

त्याबरोबर उतरण्याचा सराव हवा. एका पायावरून बाजूला उडी मारा, दुसऱ्या पायावर उतरा आणि दोन सेकंद स्थिर राहा. गुडघा डगमगला तर उडी छोटी करा. घोटा मुरगळू नये म्हणून याहून स्वस्त उपाय नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तसा इतिहास असलेल्यांनी हे रोज करावं.

पहिला चेंडू मारण्याआधी

दहा-बारा मिनिटं राखून ठेवा. तीन मिनिटं हलकं धावणं किंवा दोरी. मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, चालत लांब पावलं टाकून त्यात धड वळवणं, आडवं सरकणं, हात फिरवणं, ट्यूबचे दहा ओढे आणि चेंडूशिवाय फटके. त्यानंतर दोघांनी सर्व्हिसच्या चौकोनात हळू खेळा आणि मगच मागे जा. सर्व्हिस निम्म्या जोराने सुरू करून दहा-बारा चेंडूंत पूर्ण जोरावर या. जागच्या जागी धरून ठेवायचे ताण खेळ संपल्यावर द्या.

नागपूरला स्पर्धेला जाणाऱ्यांनी हे अधिक काटेकोरपणे पाळावं. भंडाऱ्याहून एसटीने किंवा वरठीहून रेल्वेने साठेक किलोमीटर बसून गेल्यावर नितंब आणि कंबर आखडलेली असते. तसंच थेट कोर्टवर उतरू नका. सामन्याच्या निदान तासभर आधी पोहोचा, थोडं चाला आणि मग अंग तापवा.

किती खेळायचं

मुलांसाठी लक्षात ठेवायला सोपा नियम आहे. आठवड्यातल्या ठरवून घेतलेल्या सरावाचे एकूण तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तास ही वरची मर्यादा. आठवड्यातला निदान एक दिवस रॅकेटला हात लावू नये. लहान वयात टेनिसबरोबर कबड्डी, खो-खो, पोहणं, जे आवडेल ते खेळू द्या. अंग चौफेर घडतं आणि खेळाचा कंटाळा येत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना लाल, नारिंगी आणि हिरवे मंद चेंडू द्या. नेहमीचा चेंडू त्यांच्या डोक्यावरून उसळतो आणि तो गाठताना खांद्यावर ताण येतो.

खंडानंतर परतताना एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नका. सर्व्हिस मोजा. तीन महिन्यांच्या खंडानंतर पहिल्या आठवड्यात एका सरावात तीस-चाळीस पुरेत. शालेय लॉन टेनिस १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतं आणि जिल्ह्यातून विभागाकडे, विभागातून राज्याकडे जातं. जिल्हास्तराच्या निदान सहा आठवडे आधी सराव सुरू झाला पाहिजे. क्रीडाशिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच हे गणित मांडून ठेवावं.

घरचं कामही भारातच धरा. जुलैत दिवसभर वाकून रोवणी केलेल्या मुलाला संध्याकाळी सर्व्हिसचा सराव देऊ नये. कापणीच्या दिवसांतही तसंच. कष्टाने अंग काटक होतं हे खरं, पण थकलेली कंबर त्या दिवशी नवा ताण पेलत नाही.

ऊन, पाणी आणि भात

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सराव सकाळी आठच्या आत संपवा किंवा ऊन उतरल्यावर करा. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे शिबिराचा पहिला आठवडा हलका ठेवा. पावसाळ्याच्या उघडिपीत दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं, तेव्हाही तेवढीच काळजी घ्या.

खेळाआधी आणि खेळानंतर वजन करा. पन्नास किलोच्या मुलाचं वजन किलोभराहून जास्त घटलं तर पाणी कमी पडलं असं समजा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव पोटात जावा. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी आणि पन्हं उत्तम. तासाहून लांब खेळात ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट प्या.

खेळाडू बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला, मान आणि काखेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेची वाट बघत गार करणं थांबवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

भंडारा हा धानाचा मुलूख. खेळासाठी भात सोडायचा का, असं पालक विचारतात. अजिबात नाही. भात हे खेळाडूचं चांगलं इंधन आहे, फक्त ताटात त्याच्या जोडीला प्रथिनं वाढवा. घट्ट वरण, अंडी, तलावातले मासे, चणे, शेंगदाणे, दूध, दही. सामन्याच्या दोन-तीन तास आधी भात-वरण किंवा पोहे आणि मधल्या वेळी केळं. मुलींच्या बाबतीत रक्तातलं लोह तपासून घ्या. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते खेळाचं लक्षण मानून सोडून देऊ नका, डॉक्टरांना भेटा. पुरेसं खाणं मिळत नसेल तर हाडंही कमजोर होतात.

बूट आणि रॅकेट

धावण्याचे बूट घालून टेनिस खेळू नका. त्यांचा उंच, मऊ तळवा आडव्या हालचालीत कलंडतो आणि घोटा मुरगळतो. बाजूने कडक आणि तळव्याला सपाट असे कोर्टचे बूट घ्या. सिमेंटचं कोर्ट गुडघ्यांना जड जातं. मुरुमाच्या कोर्टावर अंग थोडं घसरू शकतं, त्यामुळे धक्का कमी बसतो, पण खडे आणि खळगे आधी साफ करा.

रॅकेटची मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांत दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. कोपर दुखत असेल तर पॉलिएस्टरच्या कडक तारा काढून मऊ तारा घाला आणि ताण दोन-तीन पौंडांनी उतरवा. वडिलांची जड रॅकेट नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका.

दुखलं तर

घोटा मुरगळला की लगेच तेल लावून जोरात चोळायची सवय आपल्याकडे आहे. पहिले दोन-तीन दिवस मालीश नको. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा आणि दुखणार नाही इतपत घोटा हलवत राहा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढाच. रात्री झोपमोड करणारं दुखणं, हाताला किंवा पायाला मुंग्या, सांध्याची सूज आणि दहा-बारा दिवसांत न ओसरणारं दुखणं यांसाठी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडेच जा. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळणं म्हणजे दुखापत वाढवणं.

कोर्टवर परतायची कसोटी तारखेने ठरवू नका. दुखऱ्या पायावर न दुखता उड्या मारता येतात का, दुखऱ्या हाताची ताकद दुसऱ्या हाताच्या जवळपास आली का, हे पाहा.

दुखणं आलं म्हणजे खेळ संपला असंही नाही. गुडघ्यातली कूर्चा झिजलेल्या रोहन बोपण्णाने पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवलेल्या योगपद्धतीचा आधार घेतला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि जानेवारी २०२४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं.

सुरुवात याच आठवड्यात करा. दोन दिवस ठरवा, खिडकीच्या गजाला ट्यूब बांधा आणि अर्धा तास व्यायामासाठी राखून ठेवा. वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वेळ खेळलो, किती सर्व्हिस केल्या, कुठे दुखलं. परीक्षा असो, पाऊस असो की रोवणी, खेळ बंद पडला तरी हा अर्धा तास बंद पडू देऊ नका. पुढच्या हंगामात कोर्टवर किती दिवस टिकाल, ते यावर ठरणार आहे.